पांढरी चारमधला पेंटियम

आमच्या घरी सर्व्हर आहे असं सांगितलं की लोक सहानुभूतीने बघतात. सर्व्हर त्यांना फक्त बँकेच्या खिडकीवरून ठाऊक असतो, आणि तिथे तो बहुतेक वेळा डाऊन असतो. आमचा डाऊन होत नाही. डोंबिवलीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, शोकेस आणि सोफा यांच्या मधल्या फटीत बसून तो गेली वीसेक वर्षं गाणी वाजवतो आहे. करड्या रंगाचा कॅबिनेट, आत पेंटियम फोर, 80 जीबीची हार्ड डिस्क आणि समोर सीडीचा ट्रे, जो स्वतःच्या मर्जीने उघडतो. एके काळी हाच घरातला मुख्य कॉम्प्युटर होता. मुलीचे शाळेतले प्रोजेक्ट, सोसायटीचा जमाखर्च, मेव्हण्याच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी, सगळं त्याच्यावर झालं. मग लॅपटॉप आला, पाठोपाठ प्रत्येकाच्या हातात फोन आला, आणि एकेक खातं काढून घेता घेता त्याच्याकडे सांस्कृतिक कार्य तेवढं उरलं.

म्युझिक सर्व्हर हे नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. घरातली सगळी गाणी एका डिस्कवर ठेवायची आणि ती डिस्क सांभाळणारा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचा. स्वयंपाकघरात बसून फोनवर बोट लावलं की बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गाणं सुरू. यासाठी आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो त्याची हकिकत मात्र ऐकण्यासारखी आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीने ते आपल्या स्क्वीझबॉक्ससारख्या डब्यांसाठी लिहिलं. 2006 मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि 2012 मध्ये डबे बनवणं बंद केलं. सॉफ्टवेअर मात्र मोकळं होतं, ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावं असं. त्यामुळे डबा गेला तरी ते राहिलं. जगभरचे हौशी लोक अजून त्याची डागडुजी करत असतात, आणि 2024 मध्ये त्यांनी त्याचं नव्याने बारसं केलं: लिरियन म्युझिक सर्व्हर. कंपनीने हात काढून घेतल्यावर माल जास्त चांगला चालला, असं उदाहरण मला दुसऱ्या धंद्यात अजून सापडलेलं नाही.

कॅबिनेट म्हातारा झाल्याचं आधी कानांना कळलं. प्रोसेसरवरच्या पंख्याला सात पाती आहेत आणि तो मिनिटाला 3000 च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 50. गुणिले सात, झाले 350 हर्ट्झ. पेटीवरची पांढरी चार 349 ला बोलते. हे गणित माझं. आईने मात्र ते कागदाशिवाय केव्हाच सोडवलं होतं. आई भजनी मंडळात पेटी वाजवायची. एका दुपारी ती म्हणाली, "अरे, तुझा हा डबा पांढरी चार धरून बसलाय." मी हसलो. तिने कपाटावरची पेटी काढायला लावली, भाता ओढला, पट्टी दाबली आणि माझ्याकडे न बघता पेटी मिटली.

तेव्हापासून आमच्याकडे गायकाची पट्टी बघून गाणं लावायची रीत पडली. कुणी पांढरी एकमध्ये गात असेल तर पंखा आपोआप मध्यमावर येतो, आणि मालकंसाला तानपुरा मध्यमातच लावतात, त्यामुळे मालकंस आमच्याकडे जितका भरून वाजतो तितका मोठ्या घरांतही वाजत नसेल. पण पांढरी तीनमधला यमन लागला की पंचाईत. पंखा सबंध वेळ कोमल रिषभ लावून बसतो. मे महिन्यात आणखी गंमत. आतलं तापमान चढलं की पंखा वेग वाढवतो आणि हळूहळू काळी तीनकडे सरकतो. "चढला बघ," असं आई म्हणाली की आम्ही खिडक्या उघडतो.

पेंटियम फोर तापट म्हणून प्रसिद्धच होता. इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढायचा घाट घातला होता, तो 2004 मध्ये सोडून द्यावा लागला. वेग वाढवायचा तर उष्णता आवरेना. ही उष्णता बाकीच्या जगात वाया गेली. आमच्याकडे नाही. थंडीत इडलीचं पीठ आंबत नाही ही डोंबिवलीतल्या गृहिणींची जुनी तक्रार. आमच्या घरात डिसेंबर-जानेवारीत पिठाचं पातेलं कॅबिनेटवर असतं आणि सकाळी झाकण उचलून पीठ वर आलेलं असतं. बायकोने याची एक पद्धतही बसवली आहे. रात्री पातेलं ठेवलं की ती एखादा लांबलचक ख्याल लावून ठेवते, म्हणजे प्रोसेसर जागा राहतो. खरं तर गाणं वाजवायला प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत, तो नुसता बसूनही तापतो. हे मी तिला सांगितलेलं नाही, कारण ख्याल चांगले लावते.

म्हणून बदलण्याची भाषा मी पहिल्यांदा काढली तेव्हा विरोध स्वयंपाकघरातून आला. "अहो, मग पीठ कुठे ठेवू?"

मी विजेचं बिल पुढे केलं. असा कॉम्प्युटर रिकामा बसला तरी 80 ते 100 वॅट खातो. 100 धरले तर चोवीस तासांचे, तीस दिवसांचे 72 युनिट. महावितरणच्या बिलात 100 युनिट ओलांडले की दर वरच्या पायरीवर जातो. म्हणजे खालच्या पायरीवर राहायचं तर फ्रीज, गीझर, पंखे, टीव्ही आणि चार माणसं यांनी मिळून 28 युनिटांत महिना काढायचा. बायकोने बिल उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "इडलीपात्राला गॅस लागतोच ना? मग याला वीज लागली तर काय झालं?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला उत्तर असेल. मला सुचलं नाही.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर 2032. वीज नसतानाही तारीख-वेळ चालू ठेवणं हे त्याचं काम. आमचा सेल केव्हाच गेलेला आहे. नवा किरकोळ किमतीत मिळतो, पण तो बसवायला कॅबिनेट उघडावा लागतो, आणि एकदा उघडलेला कॅबिनेट पुन्हा सुरू होईल अशी हमी घ्यायला गावातला एकही दुरुस्तीवाला तयार नाही. त्यामुळे यूपीएस दमेपर्यंत वीज परतली नाही, की आमच्या घरात 1 जानेवारी 2002 उजाडते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, एफ वन दाबा म्हणतात, आणि कुणीतरी दाबेपर्यंत तशीच थांबून राहतात. हे काम आईकडे आहे. तिला इंग्रजीतलं बाकी काही वाचावं लागत नाही, एफ आणि एक पुरेसं आहे.

1 जानेवारी 2002 तशी वाईट तारीख नाही. त्या दिवशी बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, हयात आहेत. ते त्या वर्षी जुलैत गेले. भीमसेन आहेत, किशोरीताई आहेत, लताबाई आहेत. विंडोज एक्सपी बाजारात येऊन जेमतेम दोन महिने झालेत. इंटरनेट रेडिओ तेवढा लागत नाही, कारण पलीकडच्या सर्व्हरने दाखवलेलं सुरक्षेचं प्रमाणपत्र या तारखेला अजून तयारच झालेलं नसतं. कॉम्प्युटर सांगतो, हे प्रमाणपत्र भविष्यातलं आहे, मी विश्वास ठेवणार नाही. त्याच्या जागी तो बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 ला एक्सपीची देखभाल बंद केली, हेही त्याला माहीत नाही. त्याच्या हिशेबाने त्याला अजून बारा वर्षं आहेत.

अखेर निर्णय डिस्कनेच घेतला. एका रात्री मालकंस रंगात आलेला असताना आतून टक् असा आवाज आला, गाणं क्षणभर थबकलं, पुन्हा टक्, पुन्हा सुरू. आईला वाटलं, तबलजी नवशिका आहे. पण तोच तबलजी पुढच्या गाण्यात, मग भावगीतात, मग पुलंच्या कथाकथनातही ठेका देऊ लागला, तेव्हा तिनेच सांगितलं, "हा आता जाणार. काय करायचं ते करून घे."

करायचं काय, यावर सल्ले येऊ लागले. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, कशाला हा खटाटोप? महिन्याचे थोडे पैसे भरा, फोनवर जगातलं सगळं गाणं मिळतं."

मेव्हण्याशी वाद घालायचा नाही असा आमच्या घरचा नियम आहे. मी त्याला मारवा लावून दाखवला. हा मारवा वडिलांनी आकाशवाणीवरून कॅसेटवर घेतलेला. त्या काळी आमच्याकडे तारेने जोडायची सोय नव्हती. रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवायचा, बटण दाबायचं आणि घरादाराला गप्प बसवायचं. मारवा संध्याकाळचा राग, आणि संध्याकाळ ही भात लावायची वेळ. त्यामुळे विलंबितात, समेच्या जराशी आधी, कुकरची शिट्टी होते. मग आईचा दबलेला आवाज: "अहो, गॅस." मग वडिलांची खुर्ची सरकते, पावलं जातात, येतात. पुढे 60 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांत संपते, खटकन आवाज होतो, आणि दुसऱ्या बाजूला एकदम द्रुत सुरू झालेली असते. मधला सगळा बढतीचा भाग वडील कॅसेट उलटत असताना गायला गेला. आमची मुलगी हा मारवा ऐकत वाढली. कॉलेजात असताना तिने एका मैफलीत समोर बसून मारवा ऐकला. घरी आल्यावर कसा झाला विचारलं तर म्हणाली, "छान झाला बाबा, पण मी सारखी शिट्टीची वाट बघत होते."

मी मेव्हण्याला विचारलं, हा तुझ्या फोनवर मिळेल का? त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "याचं नॉइज रिडक्शन करून घ्या."

मग मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलं आहे, पण त्या नावाने चौकशी केली तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचे लोक दवाखान्याची वेळ विचारतील. दुकानातला मुलगा चोविशीचा असेल.

"काका, काय पाहिजे? गेमिंग?"

"गाणी लावायला."

"एडिटिंग? मिक्सिंग?"

"नाही. लावायला."

"फक्त लावायला?" त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या रॅककडे पाहिलं. मग काचेचा एक कॅबिनेट पुढे ओढला. आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. "हा घ्या. सहा पंखे आहेत, सगळे आरजीबी."

सहा पंखे, सहा पट्ट्यांत. मी म्हटलं, मला एकही पंखा नको. तो गंभीर झाला. मी पिशवीतून जुनी डिस्क काढली. ती बघून त्याने आतल्या दोघांना हाक मारली आणि तिघांनी ती पालथी-उताणी करून पाहिली. आयडीई डिस्क, चाळीस पिनांची, चपट्या रुंद पट्टीने जोडायची. मालक नावाचा जंपर कुठला आणि गुलाम नावाचा कुठला, यावर आम्ही एके काळी रात्री जागवल्या आहेत. "काका, हे आमच्या पप्पांना येतं," मुलगा म्हणाला. पप्पा दुपारी जेवायला गेले होते. ते आले, डिस्क कानाशी धरून हलवली आणि मला आदराने चहा सांगितला.

चहा संपेपर्यंत त्यांनी पुठ्ठ्याचं एक छोटं खोकं माझ्यापुढे ठेवलं. रास्पबेरी पाय. हा कॉम्प्युटर इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या लोकांनी शाळकरी मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून काढला. पहिला विक्रीला आला तो 29 फेब्रुवारी 2012 रोजी, किंमत 35 डॉलर. (मोरारजी देसाईंचा वाढदिवसही 29 फेब्रुवारीचाच. महाराष्ट्रात तो फारसा साजरा होत नाही.) अंग 85 मिलिमीटर बाय 56, म्हणजे एटीएम कार्डाइतकं. फोनसारख्या चार्जरवर चालतो, गाणी लावताना चार-पाच वॅट घेतो, महिन्याला तीन-साडेतीन युनिट. पंखा नाही. डिस्क नाही; त्या जागी नखाएवढं मेमरी कार्ड. आमच्या अख्ख्या हार्ड डिस्कमधला माल त्यावर मावून वर जागा उरते. आवाजाचं काम करायला एक वेगळा डॅक त्यांनी दिला, कारण पायच्या स्वतःच्या हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज कामचलाऊ असतो. हे त्यांनी न विचारता सांगितलं, तेव्हाच मी पैसे काढले.

जुन्या डिस्कला यूएसबीचं अडॅप्टर लावून सगळी गाणी नव्या कार्डावर उतरवायला तासाभराहून थोडासाच जास्त वेळ लागला. बायकोला वाटलं होतं, निदान दोन-तीन दिवस तरी चालेल. "एवढंच होतं होय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात किंचित फसवणूक झाल्याचा सूर होता.

पण गाणी आली म्हणजे नावं आली असं नाही. खरं दुखणं तिथून सुरू झालं.

एमपीथ्री फाइलच्या शेपटाला नाव-गाव लिहिण्याची सोय 1996 मध्ये झाली. तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. सगळी मिळून जागा 128 बाइट. त्यात गाण्याला 30, कलाकाराला 30, अल्बमला 30, सालाला 4 आणि गाण्याच्या प्रकाराला 1. कलाकाराला 30 अक्षरं म्हणजे अमेरिकेत चंगळ आहे. आपल्याकडे नुसत्या पदव्या तेवढी जागा खातात. 2008 मध्ये भारतरत्न जाहीर झाल्यावर आमच्या मुलीने मोठ्या अभिमानाने सगळ्या फाइलींवर भारतरत्न पंडित भीमसेन जोशी असं रोमन लिपीत लिहिलं. मोजून बघा, मधल्या जागा धरून 32 अक्षरं होतात. शेवटची दोन गळाली आणि गदगचे भीमसेन जोशी मडगावचे भीमसेन जोस झाले. टॅगची नवी पद्धत खरं तर तोवर आलेली होती, तिच्यात जागेची अडचण नव्हती, पण जुन्या फाइलींवर जोस कायम आहेत. नव्या डबीने आल्याबरोबर दोघांची वेगवेगळी खाती उघडली. जोशींकडे ख्याल, जोस यांच्याकडे अभंग.

पदव्यांचा दुसरा उपद्रव म्हणजे अकारविल्हे. कॉम्प्युटर नाव जसं लिहिलं तसं लावतो, त्यामुळे निम्मा महाराष्ट्र "पंडित"खाली गोळा होतो, उरलेला "स्वर" आणि "गान" यांच्यात: स्वरराज, स्वरभास्कर, गानसरस्वती, गानतपस्विनी. मी म्हटलं, आडनावाने लावू. एक बटण आहे तसं. दाबलं, आणि गंधर्व नावाचं एक मोठं कुटुंब तयार झालं. गंधर्व, कुमार. गंधर्व, छोटा. गंधर्व, बाल. गंधर्व, सवाई. चार भाऊच जणू. यातल्या एकाचंही आडनाव गंधर्व नाही. बालगंधर्व राजहंस, सवाई गंधर्व कुंदगोळकर, छोटा गंधर्व गोरे आणि कुमार गंधर्व कोमकली. शिवाय बालगंधर्व सवाईंच्या आधी का आणि छोटा कुमारांच्या नंतर का, यावर आमच्या मजल्यावर अजून एकमत नाही.

प्रकाराचा एक बाइट तर बघायलाच नको. त्या बाइटात आकडा लिहायचा आणि यादीतून अर्थ काढायचा. मूळ यादीत 80 प्रकार आहेत. त्यात 73 व्या क्रमांकावर अ‍ॅसिड पंक आहे, 75 वर पोल्का आहे (घालायचं पोलकं नव्हे, नाचायचा), आणि सायकेडेलिक चुकीच्या स्पेलिंगसह आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, अभंग नाही, लावणी नाही. 48 वर एथनिक आहे. सीडी कॉम्प्युटरवर चढवताना इंटरनेटवरून नावं आपोआप यायची, त्यात आपलं सगळं संगीत तिथे ढकललेलं असायचं. 77 वर म्युझिकल आहे. तिथे मी नाट्यसंगीत बसवलं, आणि माझ्या मते यादी करणाऱ्यांच्या डोक्यात संगीत सौभद्रच असणार.

मग साल. चार अक्षरांची जागा, पण कुठलं साल? संगीत मानापमान रंगभूमीवर आलं 1911 मध्ये. त्यातल्या पदाची तबकडी निघाली पुढे कधीतरी. आमच्याकडची सीडी नव्वदच्या दशकातली. सीडीवरून जे साल आलं तेच टॅगमध्ये बसलं, आणि मुलीच्या फोनवर "नव्वदच्या दशकातली गाणी" असं एक बटण आहे. ते दाबलं की ए. आर. रहमान, मग बालगंधर्व, मग पुन्हा रहमान. तिला यात काही वावगं वाटत नाही. तिच्या एका मैत्रिणीने तर विचारलं, हा बँड अजून आहे का.

हे सगळं दुरुस्त करायचं म्हणजे एकेक फाइल हाताने. शेजारचे काका निवृत्त ग्रंथपाल आहेत. ते मदतीला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गीकरणाचा मसुदा केला: राग, ताल, घराणं, बंदिशीचा कर्ता, साथीदार. घराण्याच्या रकान्यावर गाडी अडली. कुमारांना कुठे टाकायचं, यावर आई आणि काका यांच्यात जे बोलणं झालं त्यानंतर काका चार दिवस आले नाहीत. आता तो रकाना रिकामा आहे आणि चहा दोघांनाही मिळतो.

याद्यांचं, म्हणजे प्लेलिस्टचं, प्रकरण वेगळंच. यादीच्या फाइलीत गाणं नसतं, गाण्याचा पूर्ण पत्ता असतो, आणि आमचे सगळे पत्ते डी ड्राइव्हपासून सुरू होणारे. नव्या डबीत लिनक्स आहे. तिथे डी ड्राइव्ह हा प्रकारच नाही. त्यामुळे सगळ्या याद्या दिसत होत्या आणि सगळ्या रिकाम्या होत्या. "रविवार सकाळ" गेली. "आईचे, हात लावू नये" गेली. सगळ्यांत मोठं नुकसान झालं ते "पाहुणे" या यादीचं. तिच्यात फक्त भैरव्या आहेत. मैफलीत भैरवी झाली की उठायचं, हे आपल्याकडच्या माणसाच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की गप्पांच्या भरातही त्याचा हात चपलांकडे जातो. ही यादी बंद होती त्या काळात बायकोचे एक काका संध्याकाळी चहाला आले आणि जेवून, बडीशेप खाऊन, बातम्या बघून गेले. दुसऱ्या दिवशी सगळी कामं बाजूला ठेवून आधी ती यादी दुरुस्त केली. अपरकेस-लोअरकेसही बघावी लागते. विंडोजला यमन कसाही लिहिलेला चालतो, लिनक्सला मोठ्या वायचा यमन आणि छोट्या वायचा यमन हे दोन वेगळे राग वाटतात.

गीतरामायणाचंही तसंच झालं. गदिमा आणि बाबूजींनी पुणे आकाशवाणीसाठी 1955-56 मध्ये केलेली ती 56 गाणी आहेत, ठरलेल्या क्रमाने. आमच्या फाइलींवर क्रमांक नव्हते. नव्या डबीने ती रोमन आद्याक्षरांप्रमाणे लावली. युद्ध आधी, सेतू नंतर, आणि रामजन्म बराच उशिरा. आई शांतपणे ऐकत होती. रावण दुसऱ्यांदा जिवंत झाल्यावर मात्र ती म्हणाली, "हे वाल्मीकींना दाखवू नकोस."

आता सगळं रांगेला लागलं आहे. डबी शोकेसच्या कप्प्यात आहे आणि तिचा कसलाही आवाज येत नाही, हीच सध्या तिच्याविषयीची मुख्य तक्रार आहे. "चालू आहे का रे?" असं आई अजून विचारते. चालू असल्याची खूण म्हणजे मोहरीएवढा एक लाल दिवा, तो तिला दिसत नाही. पंख्याच्या पांढरी चारवर ती सकाळचं भजन म्हणायची. आता मुलीने तिच्या फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप घालून पांढरी चार लावून दिली आहे. आईच्या मते ती किंचित उतरलेली आहे. डबीच्या आत स्वतःचं घड्याळही नाही. वीज आली की ती इंटरनेटला वेळ विचारते, आणि इंटरनेट नसेल तर वीज गेली तेव्हा किती वाजले होते तिथून पुढे मोजू लागते. 2002 मध्ये जाण्याची सोय संपली, आणि एफ वन दाबण्याचं खातंही. यंदा खंडेनवमीला कॅबिनेटप्रमाणे तिचीही पूजा झाली. कॅबिनेटवर वीस वर्षांच्या हळदकुंकवाचे थर आहेत. डबीवर एक झेंडूचं फूल ठेवल्यावर डबीच दिसेना, आणि अक्षता यूएसबीच्या भोकात जाऊ नयेत म्हणून मुलीने वरून टिश्यू पेपर धरला. बिल मात्र उतरलं, हे बायकोलाही मान्य आहे. पिठासाठी ती ओव्हनमधला दिवा लावून ठेवते. इडली होते. पहिल्यासारखी होत नाही, असं ती म्हणते, आणि मला फरक कळत नाही असंही म्हणते.

राहिला कॅबिनेट. भंगारवाला तो वजनावर घ्यायला तयार आहे. ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अशा वस्तू नोंदणी असलेल्या केंद्राकडेच जायला हव्यात, आणि चालती वस्तू कचऱ्यात द्यायला आई तयार नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणाला हवा असेल तर द्यायचा आहे. पेंटियम फोर, डिस्क सोडून बाकी सगळं चालू स्थितीत. पट्टी पांढरी चार. उन्हाळ्यात काळी तीन. रवा इडली आणि ढोकळ्याचा अनुभव नाही, उडदाच्या पिठाचा आहे. सोबत यूपीएस आणि सतरा इंची मॉनिटर फुकट, पण घेणं बंधनकारक. न्यायला दोघांनी यावं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही.